नेकेड बाईक घ्यायचीय पण लूक मॉडर्न घेऊ का क्लासिक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्याचा, गेली पंधराएक वर्षं रोज बाईकवरच. आधी शेपूट आभाळात गेलेली एक स्ट्रीटफायटर (आक्रमक दिसणारी मॉडर्न नेकेड) होती, आता गोल लाइटवाली आहे, त्यामुळे मित्र, मित्रांचे भाऊ, भावांचे मित्र सगळे तेच तेच विचारत असतात. म्हटलं एकदाच लिहून काढू.

नेकेड म्हणजे नक्की काय? मग स्प्लेंडर पण नेकेडच झाली की?

शब्द धरून बसलात तर झालीच. फेअरिंग म्हणजे अंगावरचं प्लास्टिकचं आवरण नाही, इंजिन उघडं दिसतंय, ती नेकेड. आपल्याकडे राजदूत, येझदी, बुलेट, आरएक्स १०० सगळ्या तशाच होत्या, पण तेव्हा कोणी नेकेड म्हणायचं नाही, बाईक म्हणजे बाईक. वेगळं नाव लागलं कारण ८० च्या दशकात रेसवाल्या गाड्यांसारख्या प्लास्टिकनं झाकलेल्या बाईक जगभर सुटल्या, मग न झाकलेल्यांना काहीतरी म्हणायला पाहिजे ना. आता साधारण जरा दमदार, मजा म्हणून चालवायची बिनफेअरिंगची गाडी असेल तर तिला नेकेड म्हणतात.

क्लासिक कुठली आणि मॉडर्न कुठली, लांबून कसं ओळखायचं?

हेडलाइट नका बघू. गाडी बाजूनं बघा आणि टाकीच्या खालच्या कडेवरून मनातल्या मनात एक रेघ मागच्या मडगार्डपर्यंत ओढा. रेघ आडवी, जमिनीला समांतर गेली, सीट सपाट आणि टाकी थेंबासारखी असेल तर क्लासिक. रेघ पुढं खाली वाकलेली, सगळं वजन पुढच्या चाकावर गोळा झालेलं आणि मागचा भाग वर उचलून मधेच कापून टाकल्यासारखा असेल तर मॉडर्न. बैल शिंगं खाली घालून उभा असतो तसं. कावासाकीची झेड ९०० आणि झेड ९०० आरएस शेजारी शेजारी ठेवून बघा, इंजिन एकच ९४८ सीसीचं पण आरएसची टाकी आडवी बसावी म्हणून त्यांनी फ्रेमचा वरचा भाग बदलला, म्हणजे एका रेघेसाठी केवढा खटाटोप.

पण गोल हेडलाइट म्हणजे क्लासिक असंच सगळे म्हणतात?

म्हणू द्या. २००१ ला आलेली पहिली पल्सर गोल हेडलाइटचीच होती आणि तिला कोणी रेट्रो, म्हणजे जुन्या वळणाची, म्हटलं नाही, तेव्हाची ती सगळ्यात मॉडर्न गाडी. ट्रायम्फची १९९७ ची स्पीड ट्रिपल तर दोन गोल डोळेवाली, आणि तिच्याइतकी रागीट दिसणारी गाडी त्या काळात शोधून सापडायची नाही.

पूर्वी गोल असायचं कारण बल्ब एक, त्याच्यामागे वाटीसारखा आरसा, पुढं काच, आणि उजेड नीट फेकायला वाटी गोलच लागायची. पुढं प्लास्टिकच्या काचा आणि घडीघडीचे रिफ्लेक्टर आले तसं हेडलाइटला हवा तो आकार देता यायला लागला, आणि एलईडी आल्यावर तर लाइट लिंबाएवढा झाला तरी चालतोय. म्हणजे आज गोल हेडलाइट ही गरज राहिली नाही, हौस आहे. हौसेला काय मोल नसतं हे वेगळं.

हे रेट्रोचं फॅड आलं कुठून?

फॅड म्हणू नका, तीस-पस्तीस वर्षं झाली त्याला. जरा मागं जाऊ. १९६९ ला होंडाची सीबी ७५० आली, चार सिलिंडर, पुढं डिस्क ब्रेक, मग १९७२ ला कावासाकीची झेड १, ९०३ सीसी. आज आपण ज्याला क्लासिक म्हणतो ते डोळ्यापुढचं चित्र बरंचसं या दोन गाड्यांचं आणि त्याच्या आधीच्या ब्रिटिश ट्विन म्हणजे दोन सिलिंडरच्या गाड्यांचं आहे, १९५९ ची ट्रायम्फ बोनव्हिल वगैरे. मग ८० च्या दशकात सगळं फेअरिंगमय झालं. इंग्लंडमधली पोरं त्या गाड्या पाडायची, नवीन फेअरिंगचे पैसे ऐकून गार व्हायची आणि मोडलेलं प्लास्टिक काढून, रुंद हँडल टाकून तशीच चालवायची. स्ट्रीटफायटर जन्माला आली ती ही अशी, खिशात पैसे नव्हते म्हणून. मग कंपन्यांनी तोच अवतार शोरूममध्ये ठेवला. डुकाटीत मिगेल गालुझ्झी नावाच्या डिझायनरनं ९०० सुपरस्पोर्टचं इंजिन आणि सुपरबाईकच्या घराण्यातली फ्रेम घेऊन मॉन्स्टर बनवली, १९९२ ला दाखवली, १९९३ ला विकायला आली, आणि ती इतकी चालली की बास. १९९४ ला स्पीड ट्रिपल.

आणि गंमत म्हणजे बरोबर त्याच सुमारास, १९८९ ला, जपानमध्ये कावासाकीनं झेफर काढली, एअर कूल्ड, दोन शॉकअप, दिसायला थेट जुन्या झेडसारखी. तिकडे पण लोक प्लास्टिकला कंटाळलेलेच होते. म्हणजे एकाच कंटाळ्यातून एक पोरगं आक्रमक निघालं आणि दुसरं आजोबांवर गेलं. दोघं सख्खे भाऊच आहेत, त्यामुळं क्लासिकवाले विरुद्ध मॉडर्नवाले भांडताना बघितले की मला हसू येतं.

क्लासिक लूक घेतला म्हणजे आत इंजिन पण जुनंच मिळतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर आहे, बघून घ्या, कारण दोन्ही प्रकार आहेत.

एक प्रकार म्हणजे खरंच साधं ठेवलेलं इंजिन. रॉयल एनफिल्डचं ३४९ सीसीचं, क्लासिक ३५० आणि हंटरमध्ये आहे ते, साधारण २० पीएस ताकद, २७ एनएम टॉर्क (ओढ), लांब स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव लांब, खालूनच ओढणारं. डिझाइन नवीन आहे पण स्वभाव मुद्दाम जुना ठेवलाय. होंडाची सीबी ३५० पण त्याच पंगतीतली. तिसऱ्या गियरमध्ये तीसच्या स्पीडला आरामात चालते, घाईत असलात तर चिडचिड होईल.

दुसरा प्रकार म्हणजे कपडे आजोबांचे आणि अंग नातवाचं. यामाहाची एक्सएसआर १५५ घ्या, २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे आली, तिच्यात एमटी १५ चंच १५५ सीसीचं इंजिन. मोठ्यांत एक्सएसआर ९०० आणि एमटी ०९ यांचं नातं तेच. आणि सगळ्यात भारी उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातलं, चाकण. बजाजच्या तिथल्या कारखान्यांतून केटीएमची ३९० ड्यूक निघते, ट्रायम्फची स्पीड ४०० निघते आणि हुस्क्वार्नाची स्वार्टपिलेन ४०१ पण निघते. ड्यूक ३९९ सीसी ४६ पीएस, स्पीड ३९८ सीसी ४० पीएस, दोन्ही लिक्विड कूल्ड म्हणजे रेडिएटरनं गार होणाऱ्या, दोन्हींना पुढं उलटे फोर्क (शॉकअप), दोन्हींना १७ इंची चाकं. एक कात्रीनं कापून काढल्यासारखी, दुसरी गोंडस. आणि स्वार्टपिलेन तर खालून ड्यूकच आहे, वरून मात्र कुठल्यातरी आर्किटेक्टनं केल्यासारखी वाटते. तिन्ही गाड्या एकाच गावच्या पाण्यावर वाढलेल्या आणि रस्त्यावर बघणाऱ्याला वाटतं तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

म्हणून लूकवरून इंजिनचा अंदाज लावू नका. कागदावर कूलिंग, पीएस आणि चाकाची साईज एवढं वाचलं तरी पुष्कळ कळतं.

लिक्विड कूल्ड असेल तर मग इंजिनवर त्या पात्या कशाला?

दिसायला. एअर कूल्ड इंजिनला पात्या लागतातच, हवा लागून गार व्हायला. लिक्विड कूल्डमध्ये ते काम रेडिएटरचं, पण पात्या नसल्या तर इंजिन पंपाच्या डब्यासारखं दिसतं, म्हणून स्पीड ४०० ला पात्या ठेवल्यात, झेड ९०० आरएसच्या सिलिंडर हेडवर पण आहेत. बोनव्हिलनं तर २०१६ पासून कमालच केली, रेडिएटर फ्रेमच्या पुढच्या दोन पाइपांमध्ये लपवला आणि इंधनाचं इंजेक्शन असलेले थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारे भाग) जुन्या कार्बोरेटरसारखे दिसतील असे बनवले. काही जणांना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत, गणपतीच्या मखरात थर्माकोलचे खांब लावायचो तेव्हा छत त्याच्यावर उभं आहे असं कोणी समजत होतं का.

निओ-रेट्रो ही काय नवीन भानगड?

अधलं मधलं. गोल लाइट पण आत एलईडीची नक्षी, बाकी अंग मॉडर्न. होंडाची सीबी ३०० आर, टीव्हीएसची रोनिन. दोन्ही पार्ट्यांना खूष करायला निघालेली गाडी कधी कधी दोघांनाही आवडत नाही, पण सीबी ३०० आर मला तरी फार आवडते, एवढं बोलून मी पुढं जातो.

मागे बसणाऱ्याचं काय?

इथं जरा वेळ घेतो कारण शोरूममध्ये हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि घरी आल्यावर रोज तोच असतो.

माझ्या त्या स्ट्रीटफायटरची मागची सीट म्हणजे वहीच्या आकाराचा एक तुकडा, तो पण पुढं उतरता. आई पहिल्यांदा बसायला आली तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारली, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "अरे बसायचं कुठं?" ती साडीत, एका बाजूला बसणारी. धरायला मागे हँडल नाही, फुटरेस्ट इतका उंच की पाय छातीशी. शेवटी पोवई नाक्यापर्यंत रिक्षानं गेली आणि मी मागून रिकामी गाडी घेऊन, लोक बघतायत. बायकोचं वेगळं, ती दोन्हीकडं पाय टाकून बसायची पण पसरणी घाट उतरताना मी ब्रेक दाबला की ती घसरत थेट माझ्या पाठीवर, मी टाकीवर, वाईत उतरेपर्यंत दोघांचं भांडण ठरलेलं.

मॉडर्न लूकचा तो वर गेलेला शेवट दिसतो छान, पण तो छान दिसावा म्हणून मागच्या माणसाची जागा कापलेली असते. क्लासिकची सपाट लांब सीट त्याच्या उलट, कोणीही कसंही बसा. आता सगळ्या मॉडर्न गाड्या वाईट आहेत असं नाही, २००८ च्या एफझीपासून बघतोय, काहींच्या सीट बऱ्या आहेत. आणि काही क्लासिकवाले पण स्टाइलसाठी एकच सीट देतात. नियमानं तर मागच्याला धरायला आधार, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं साडी गार्ड द्यायलाच लागतं, केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२३ वा नियम तोच आहे. पोरं डिलिव्हरी घेतल्या दिवशी पहिलं काय काढतात तर साडी गार्ड. काढू नका. ओढणी चाकात गेलेली मी बघितलीय, पुढचं लिहीत नाही.

पावसाळ्यात फरक पडतो का?

प्रचंड. आखूड शेपटीची गाडी मागचं पाणी उचलते आणि थेट पाठीवर मारते. जुलैत कासला जाऊन आलो की माझ्या रेनकोटवर कमरेपासून मानेपर्यंत लाल चिखलाचा सरळ पट्टा असायचा, हेल्मेटच्या मागं पण. क्लासिकची लांब मडगार्डं उगाच नाहीत. पुढचं मडगार्ड पण बघा, मॉडर्नमध्ये ते इतकं छोटं असतं की सगळा चिखल रेडिएटरवर बसतो आणि मग तो पाइपानं जोरात धुतला की रेडिएटरच्या जाळ्या वाकतात. हळू पाण्यानं धुवा.

पाठ दुखेल का? मी पस्तिशीचा आहे.

क्लासिकवर बसणं साधारण खुर्चीसारखं, पाठ सरळ, हँडल जवळ. मॉडर्नवर थोडं पुढं वाकून, फुटरेस्ट जरा मागं. शहरात दोन्ही चालतात, वळणावर मॉडर्नची मजा जास्त कारण पुढच्या चाकावर तुमचं वजन असतं आणि गाडी काय करतेय ते हाताला कळतं. हायवेवर उलटं होतं, क्लासिकवर ताठ बसल्यामुळं शंभरच्या पुढं छातीवर वारा असा येतो की मान दुखते, मॉडर्नवर वाकलेले असल्यामुळं जरा सुसह्य. वारा मात्र दोन्हीकडे लागणार, नेकेड आहे. तसंही आपल्याला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि समृद्धीवर बाईक न्यायला परवानगीच नाही, त्यामुळं एकशे चाळीसच्या गप्पा कशाला.

आणि एक, क्लासिकमध्ये कॅफे रेसर हा उपप्रकार येतो, रॉयल एनफिल्डच्या कॉन्टिनेन्टल जीटी ६५० सारखा, खाली वाकलेल्या हँडलचा. दिसायला रेट्रो पण बसायला रेसबाईक. नावात क्लासिक बघून घेतलीत आणि मनगटं गेली असं नको. तिचीच बहीण इंटरसेप्टर, तेच ६४८ सीसीचं इंजिन, ४७ पीएस, पण हँडल वर. दोन्हींवर बसून बघा, दोन मिनिटांत कळतं.

स्पोकची चाकं घेऊ का अलॉय?

अलॉय. झालं उत्तर.

बरं, कारण पण सांगतो. साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते. खंबाटकी उतरल्यावर रात्री साडेनऊला माझी जुनी स्पोकवाली पंक्चर झाली, ट्यूबलेस असती तर दोन मिनिटांत पट्टी घुसवून, पंपानं हवा भरून निघालो असतो, इथं अख्खं चाक काढायला पाहिजे, आणि डबल स्टँड नाही. टेम्पोवाल्याला हात करून गाडी शिरवळला आणली. आता काही महागड्या स्पोकच्या चाकांना ट्यूबलेस टायर बसतात, ती मिळत असतील तर गोष्ट वेगळी. इंटरसेप्टरला पण २०२३ पासून अलॉय आणि ट्यूबलेसचा पर्याय आला. फोटोत स्पोक छान दिसतात हे मान्य, माझ्या मोबाइलचा वॉलपेपर अजून तीच गाडी आहे.

सांभाळायला कुठली सोपी?

क्रोम असेल तर तुम्हाला रविवारचं काम मिळालं म्हणून समजा. गुहागर-हर्णैकडं जाऊन आलात आणि खारी हवा लागलेली गाडी दोन दिवस तशीच ठेवलीत तर सायलेन्सरच्या वाकणाजवळ तपकिरी ठिपके येतात, एकदा आले की पॉलिशनं दबतात, जात नाहीत. पात्यांमधली माती मी जुन्या टूथब्रशनं काढतो. मॉडर्नमध्ये मॅट रंग आणि काळे भाग, धुतलं की झालं, फक्त मॅटवर पॉलिश लावू नका, चकचकीत डाग पडतात.

पण गाडी पडली तर हिशोब उलटा होतो. क्लासिकचा आरसा, इंडिकेटर, मडगार्ड सुटं सुटं मिळतं, गोल हेडलाइटची काच फुटली तर बऱ्याचदा स्वस्तात भागतं. मॉडर्नचा पुढचा एलईडीचा मुखवटा म्हणजे एकच तुकडा, कोपरा चिरला तरी पूर्ण बदला. एका सर्व्हिस सेंटरनं मला त्या एका तुकड्याचा आकडा सांगितला तेव्हा मी दोनदा विचारलं, त्यांना वाटलं ऐकू येत नाही.

आहे त्या मॉडर्न गाडीला गोल लाइट, लांब सीट लावून क्लासिक करून घेऊ का?

पैसे जास्त झालेत का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलंय. सीट कव्हर, आरसे असल्या बारीक गोष्टींवरून सहसा कोणी अडवत नाही पण फ्रेम कापली, सायलेन्सर बदलला की अडकलात. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही बघितलेच असतील. शिवाय इन्शुरन्सवाल्याला नकार द्यायला कारण हवंच असतं. आणि खरं सांगू का, वाकडी फ्रेम ती वाकडीच, तिच्यावर सपाट सीट लावली की उंटावर पलंग ठेवल्यासारखं दिसतं.

कुठला लूक लवकर जुना होतो?

मॉडर्न. २०१० च्या आसपासच्या टोकदार गाड्या आज बघा, बऱ्याच बिचाऱ्या वाटतात. क्लासिक आधीच जुनी दिसत असते, तिचं आणखी काय जुनं होणार. पण काही मॉडर्न डिझाइनं टिकतात, पहिली मॉन्स्टर आजही कोणी घाणेरडी म्हणणार नाही, उलट ती आता स्वतःच क्लासिक झालीय, इतकी की २०२१ ला डुकाटीनं तिची ती पाइपांची जाळीदार फ्रेम काढून टाकली तेव्हा मॉडर्नवालेच बोंबलले.

टॅक्सचं काय?

टॅक्स लूकवर नाही, सीसीवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी, त्याहून मोठ्यांना ४०. आपल्याकडच्या बहुतेक क्लासिक गाड्या ३५० च्या बरोबर आत बसतात त्यामुळं त्यांचं फावलं, चारशेच्या आसपासच्या सगळ्या वरच्या खान्यात गेल्या, मग लूक कुठलाही असो. काही कंपन्या मधला फरक स्वतः सोसतात, त्यामुळं शोरूममध्ये त्या दिवशीची ऑनरोड किंमतच विचारा. परदेशातून पूर्ण बनून येणारी असेल तर वेगळंच, झेड ९०० आरएस २०१८ ला आपल्याकडं आली तेव्हा झेड ९०० च्या जवळपास दुप्पट किंमत होती, इंजिन तेच असून.

टेस्ट राइडला काय बघू?

बहुतेक जण शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर एक जोरात फेरी मारून येतात आणि गाडी एकदम मक्खन म्हणतात. तसं करू नका. एखादा खराब रस्ता मागा, स्पीडब्रेकर असलेला. गाडी यू टर्न मारून बघा, काही नेकेडचं हँडल फारसं वळत नाही आणि पार्किंगमध्ये जीव जातो. उन्हात मीटर वाचता येतोय का ते बघा, क्लासिकचा काट्याचा मीटर कधीही दिसतो, काही डिजिटल स्क्रीन दुपारी बारा वाजता आरसा होतात. गाडी बंद करून हातानं मागं ढकला, साडेतीनशेच्या क्लासिक साधारण १८० ते २०० किलोच्या असतात आणि तुमचं पार्किंग उतारावर असेल तर ते रोज दोनदा करायचंय. शेवटी चावी सेल्समनच्या हातात द्या, त्याला चालवायला सांगा आणि तुम्ही मागच्या सीटवर बसून एक चक्कर मारून या.